ऐंशीला बास

“कसे आहात काका?” असं विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. आत कुठेतरी जाऊन बघून आल्यासारखे क्षणभर थांबत आणि मग म्हणत, “ऐंशी.”

तापाने फणफणलेले असले तर पासष्ट. मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशीही ऐंशीच. त्याच्यावर त्यांना गेलेलं मी कधी ऐकलं नाही. “एकदम मस्त! शंभर टक्के!” असं म्हणणाऱ्या माणसाकडे ते काळजीने बघत आणि त्याच्यापासून अर्धं पाऊल मागे सरकत.

सौदीतल्या दम्माममध्ये ते आमच्या खालच्या घरात अकरा वर्षं राहिले. मूळचे नाशिकचे. एका पेट्रोकेमिकल कंपनीत सुरक्षा विभागात इंजिनीयर. घरमालक आणि गॅसच्या टँकरचा पठाण ड्रायव्हर त्यांना ‘मुहंदिस’ म्हणत, म्हणजे अरबीत इंजिनीयर. आमची मुलगी काका म्हणायची, म्हणून मी आणि माझा नवराही काका म्हणू लागलो. ते मात्र मला वहिनी म्हणत. हे नातं कुठल्याच बाजूने जुळत नाही, असं नवऱ्याने एकदा त्यांना दाखवून दिलं. त्यावर ते म्हणाले, “ऐंशी टक्के जुळतंय. राहू दे.”

या ऐंशीचा उगम आमच्या अंगणात होता.

इथे बहुतेक घरांत गॅसचे सिलिंडर असतात. रिकामा झाला की दुकानात नेऊन बदलून आणायचा. आमच्या घरमालकाने मात्र घर बांधतानाच अंगणात प्रोपेनची मोठी टाकी बसवून घेतली होती. सिमेंटच्या दोन ओट्यांवर आडवी ठेवलेली, पांढरी, बसलेल्या म्हशीएवढी. तीन-चार महिन्यांनी टँकर येऊन ती भरून जायचा. तिच्यातून निघालेले पाइप तिन्ही बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरात जायचे. तिच्या पाठीवर एक झाकण होतं आणि झाकणाखाली काटा असलेली तबकडी. टाकी किती टक्के भरली आहे ते हा काटा सांगतो.

काका राहायला आले त्या दिवशी, सामान उतरवण्याच्या आधी, त्यांनी ते झाकण उघडून पाहिलं. काटा पंच्याण्णववर होता. त्यांनी झाकण हळूच लावलं आणि हमालांना सामान परत गाडीत ठेवायला सांगितलं.

मी वरच्या खिडकीतून हे बघत होते. मला वाटलं, घर आवडलं नाही.

“घर उत्तम आहे,” ते खालूनच म्हणाले. ही आमची पहिली ओळख. “पण उन्हाळ्यात इथे अठ्ठेचाळीस डिग्री होतं. गॅस तापला की फुगतो. त्याला फुगायला वीस टक्के जागा रिकामी ठेवायची असते. नाही ठेवली तर वरचा व्हॉल्व्ह उघडतो, गॅस फुस्स करून अंगणात येतो आणि मग कुणीतरी काडी ओढायचाच अवकाश. तुम्ही या टाकीच्या डोक्यावर किती वर्षं राहताय?”

“चार,” मी म्हटलं.

“झोप लागते?”

तोपर्यंत लागत होती.

मालक शेजारच्याच बंगल्यात राहतात. वयस्कर, अदबशीर, थोब नावाच्या घोळदार पांढऱ्या अंगरख्यात सावकाश चालणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं साधं होतं. टँकर एवढ्या लांबून येतो, तर टाकी फुल भरून घ्यावी. ‘फुल’ हा शब्द उच्चारताना ते दोन्ही हात हवेत पसरत. काका दोन दिवस त्यांच्याशी इंग्रजीत भांडले, एक दिवस हिंदीत, आणि मधल्या काळात सामान गाडीतच राहिलं. चौथ्या दिवशी मालकांनी त्यांना आणि माझ्या नवऱ्याला कॉफीला बोलावलं. पुढचं सगळं मला नवऱ्याने सांगितलं.

इथली कॉफी कान नसलेल्या चिमुकल्या फिंजानमधून देतात आणि तळाशी दोन घोट येतील एवढीच ओततात. संपली की पुन्हा ओततात. पाहुण्यासमोर काठोकाठ भरलेला फिंजान ठेवणं म्हणजे ‘प्या आणि निघा’ असं सांगणं. तो अपमान समजतात. हे इथे आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी पहिल्याच महिन्यात सांगतं. काकांनाही माहीत होतं. तरी त्यांनी मालकांच्या हातातली पितळी किटली अलगद काढून घेतली आणि मालकांचाच फिंजान काठोकाठ भरला. इतका की कॉफी बशीत सांडली.

 नवरा सांगत होता की त्याने मनातल्या मनात दुसरं घर शोधायला सुरुवात केली होती.

“ऐब!” मालक म्हणाले. म्हणजे हे शोभत नाही.

“ऐब!” काकांनी आनंदाने मान डोलावली. मग खिडकीतून दिसणाऱ्या टाकीकडे बोट केलं. “फिंजान फुल, ऐब. टँक फुल, ऐब. सेम सेम.”

मालकांनी फिंजानकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. डोक्यावरचा रुमाल घसरेपर्यंत हसले. त्याच संध्याकाळी टाकीच्या झाकणाची किल्ली काकांकडे आली. ती त्यांनी इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, कार्डाच्या पाकिटात, कार्डाच्या मागे ठेवली. रस्त्यात पोलिसांनी इकामा मागितला की आधी किल्ली बाहेर यायची.

‘ऐब’ शब्द आपल्याकडेही असल्यामुळे तो वापरताना काकांना विशेष आत्मविश्वास वाटला होता. तशाच आत्मविश्वासाने त्यांनी पुढे आणखी एक शब्द वापरला आणि आमची एक दिवाळी धोक्यात आणली. ते सांगते, पण आधी त्यांची पुस्तकं.

मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. घरी मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. दम्माममधली मराठी माणसं ती नेतात, काही परतही आणतात. काका नेमाने आणत. रहस्यकथा नेत आणि पंधरा दिवसांत परत करत. एकदा मी विचारलं, “खुनी कोण असेल वाटलं होतं तुम्हाला?”

“अजून माहीत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे? वाचलं ना पुस्तक?”

“ऐंशी टक्के.”

 मग त्यांनी मला समजावलं की पुस्तकाच्या पानांचा हिशेब करून ते चार पंचमांशावर खूण घालतात आणि तिथे थांबतात. शेवट वाचला की पुस्तक डोक्यात काठोकाठ भरतं, हलायला जागा राहत नाही. न वाचता ठेवलं की आत फिरत राहतं. माझ्या कपाटातल्या तेवीस रहस्यकथा त्यांनी अशा नेल्या आणि आणल्या. त्यांच्या हिशेबाने तेवीस खुनी मोकाट होते. इतकी वर्षं ग्रंथपालाची नोकरी करून मला पुस्तकांचे अनेक प्रकारचे हाल माहीत आहेत. पानं फाडणारे माहीत आहेत, पानांत चिवडा सांडणारे माहीत आहेत. हा प्रकार नवीन होता.

टाकीला ते ‘टाकी’ म्हणत नसत. ‘ती’ म्हणत. “जरा तिला बघून येतो.” “आज ती थोडी तापलीय.” नाशिकला काकू शाळेत शिकवायच्या आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्या इकडे कधीच येऊ शकल्या नाहीत. रोजच्या फोनवर त्यांना नवऱ्याच्या तोंडून ही ‘ती’ ऐकू यायची. एकदा फोन माझ्या हातात दिला गेला तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, “वहिनी, खरं सांगा. गोरी आहे का?”

“पांढरीफटक,” मी म्हटलं. “पण वजन फार.”

“मग राहू दे,” काकू म्हणाल्या.

दर शुक्रवारी सकाळी ‘तिची’ तपासणी असे. एका वाटीत साबणाचं पाणी करायचं, ते दाढीच्या ब्रशने पाइपांच्या सांध्यांना लावायचं आणि कुठे बुडबुडा फुगतो का ते बघत बसायचं. ब्रश दाढीचाच. त्याच ब्रशने आधी दाढी. मग शेवटची पायरी, वास घेणं. गॅसला मुद्दाम एक घाण वास दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यामुळे काका टाकीजवळ गुडघे टेकून, कोपरं टेकून, नाक फरशीला लावत आणि तसेच थोडं थोडं पुढे सरकत.

“ममा, टँक काका इज स्निफिंग अगेन,” मुलगी खिडकीतून बातमी द्यायची.

जुलैमधल्या एका शुक्रवारी मालक फाटकातून आत आले. भर उन्हात मुहंदिस फरशीवर पालथे पडलेले. मालकांना वाटलं, उष्माघात. वयाच्या मानाने फार चपळाईने त्यांनी झाडांसाठी भरून ठेवलेली बादली उचलली आणि काकांच्या अंगावर उपडी केली.

काका शांतपणे उठून बसले. मिशांतून पाणी गळत होतं. म्हणाले, “शुक्रन.” मग रिकाम्या बादलीकडे पाहून, वरच्या खिडकीत उभ्या असलेल्या मला म्हणाले, “वहिनी, सगळी ओतली यांनी. यांना किती वेळा सांगायचं?”

आता ती दिवाळी.

त्या वर्षी काका महिनाभर रजेवर नाशिकला गेले होते. परत आले तर काटा आठवर. एरवी पंचविसाला ते टँकर मागवत. आणि तीन दिवसांनी आमच्याकडे पाच मराठी कुटुंबांच्या फराळाच्या चकल्या व्हायच्या होत्या. भाजणी माझ्या सासूबाईंनी पाठवलेली, सोऱ्या माझा, म्हणून काम माझ्याकडे. काकांनी ताबडतोब गॅसच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे अरबी बोलणारा माणूस होता. काकांनी मला हातानेच ‘काळजी करू नका’ अशी खूण केली आणि फोनवर मोठ्याने सांगितलं, “टँक खलास!”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“एवा, एवा,” म्हणजे हो, हो. “खलास! कुल्लू खलास!”

फोन ठेवून म्हणाले, “उद्या येतोय.”

उद्या कुणी आलं नाही. काकांनी पुन्हा फोन केला, पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जास्त जोर देऊन. परवाही कुणी आलं नाही. तेरवा कढईत तेल तापलं, पहिला घाणा सोडला, चकल्या जरा कुठे रंग धरायला लागल्या आणि खालची निळी ज्योत बारीक होत होत निमाली. तेलातल्या चकल्या माझ्याकडे बघत राहिल्या. पीठ भिजवलेलं, पाच घरं वाट बघणारी, आणि उद्या पहिली अंघोळ.

मी जिन्यातून खाली हाक मारली. म्हणजे मला वाटलं, मारली. काकांना ऐकू गेली नाही. माझा आवाज पहिल्यापासूनच लहान, आणि दिवसभर मुलांना ‘हळू बोला’ सांगण्यात तो आणखी मुरलेला. शेवटी खाली जाऊन दार वाजवलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले आणि एक विजेची शेगडी घेऊन आले. चांगली वापरातली, एका बाजूला खिचडी करपल्याचा डाग असलेली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“माझी.”

“तुम्ही गॅस वापरत नाही?”

ते जरा संकोचले. “नाही.”

“कधीपासून?”

“राहायला आल्यापासून. माझ्या स्वयंपाकघरातला पाइप मी पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकला. वहिनी, मी बत्तीस वर्षं गॅसमध्ये काम करतोय. जे मला माहीत आहे ते माहीत असताना मी तिला घरात कशी घेऊ?”

म्हणजे ज्या टाकीसाठी हा माणूस दर शुक्रवारी फरशीला नाक लावत होता, तिच्यावर त्याने स्वतःसाठी एक कप चहाही कधी केला नव्हता. ते सगळं आमच्यासाठी चाललं होतं. हे मला तिथे, हातात झारा घेऊन उभी असताना कळलं. मी म्हटलं, “शेगडी वर घेऊन चला.”

विजेच्या शेगडीवर चकल्या करायला सात तास लागले. काका स्टुलावर बसून कढईतल्या तेलाची पातळी सांभाळत होते. पहिली चकली चाखून म्हणाले, “ऐंशी टक्के उत्तम.” सात तासांनंतर बाईला हे ऐकवायचं धाडस फक्त त्यांच्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तो नवऱ्याने हिंदीत फोन केल्यावर. पठाण ड्रायव्हर उतरला तोच हसत.

“साब, आपने तो ख़ुद बोला, ख़लास. दफ़्तर वाले ने सोचा, मुहंदिस ने कहीं और से भरवा लिया, काम हो गया. उसने आपका नाम काट दिया.”

अरबीत खलास म्हणजे झालं, मिटलं, आता काही करायचं उरलं नाही. मराठीत खलास म्हणजे गॅसच उरला नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस दोन दिवस फोनवर ओरडून ओरडून सांगत होता की आम्हाला गॅस नको.

“पण अर्थ ऐंशी टक्के तोच आहे ना!” काका म्हणाले. त्या वेळी मात्र त्यांच्या अंगावर आम्ही सगळेच ओरडलो. माझा आवाज अर्थातच ऐकू आला नाही.

टाकी भरण्याचा सोहळा बघण्यासारखा असे. टँकर आत येत नसे. ड्रायव्हर तो गल्लीत, भिंतीच्या पलीकडे उभा करी आणि लांब नळी अंगणात आणून टाकीला जोडी. नियमाने दोन माणसं हवीत, एक पंपापाशी आणि एक काट्यापाशी. पण हा कायम एकटाच यायचा. तेव्हा पंपापाशी तो आणि काट्यापाशी काका. शिवाय आमच्या काट्याचा भरवसा नाही, कधी कधी तो अडकतो. म्हणून शेजारी एक बारीक पेच असतो. तो किंचित सैल करून ठेवायचा. पातळी ऐंशीला पोचली की त्यातून पांढरं फुरफुरायला लागतं. त्या क्षणी ओरडायचं. पंपाचा आवाज एवढा की ओरडणं भिंत ओलांडून गेलं पाहिजे.

काका अरबीत ऐंशी ओरडत. “थमानीन! थमानीन! बस्स!”

पंप थांबायचा आणि भिंतीपलीकडून दर वेळी तेच उत्तर यायचं. “साब, मैं बहरा नहीं हूँ. और पेशावर का हूँ, उर्दू में बोलो!”

“सौदीत टाकीला अरबीच कळतं!” काका ओरडत.

अकरा वर्षं हा संवाद एका शब्दाने बदलला नाही.

मग काकांची साठी आली. कंपनीने करार वाढवला नाही. खुरूज निहाईचे कागद झाले, म्हणजे इथून कायमचं जाण्याचा शिक्का. महिनाभराची मुदत होती. लोक अशा वेळी सोनं घेतात, खजूर घेतात, टीव्ही कुणाला द्यायचा ते ठरवतात. काका टाकी कुणाला द्यायची ते ठरवत होते.

“मालक भले आहेत, पण मी गेलो की पुन्हा फुल म्हणतील,” ते आमच्या बैठकीत बसून म्हणाले. “ड्रायव्हरला भिंतीपलीकडून काही दिसत नाही. कुणीतरी काट्यापाशी उभं राहायला हवं. नाहीतर जुलैमध्ये ती...” त्यांनी आमच्या मुलीच्या खोलीकडे पाहिलं.

नवरा म्हणाला, “मी बघेन की.”

“तुम्ही घाईचे आहात. तुम्ही फोनवर बोलत उभे राहाल.” हे खरं असल्यामुळे नवऱ्याने हातातला फोन खिशात टाकला. “वहिनी करतील. त्या पुस्तकाचं पान उलटताना सुद्धा आधी बघतात.”

“पण काका, ओरडायचं कसं?” मी म्हटलं.

“शिकवतो.”

पुढचे चार शुक्रवार माझी शिकवणी झाली. काका भिंतीपलीकडे गल्लीत उभे राहत. पंपाचा आवाज हवा म्हणून नवरा आपली गाडी सुरू करून तिच्यात ॲक्सिलरेटर दाबत बसे. मी टाकीपाशी, हातात काकांचे चामडी हातमोजे.

“बास,” मी म्हणे.

काका गल्लीतून फिरून, फाटकातून आत येत. “वहिनी, तुम्ही मला ‘बास’ सांगताय की ‘बसा’ म्हणताय?”

“बास म्हटलं.”

“मला वाटलं पाहुणचार चाललाय. पुन्हा.”

दुसऱ्या शुक्रवारी त्यांना मी ओरडल्याचा संशय आला, पण तो आवाज शेजारच्या मांजराचा निघाला. तिसऱ्या शुक्रवारी ते म्हणाले, “समजा मी तुमच्या वाचनालयातलं एखादं जुनं पुस्तक फाडतोय.” मी तसं समजून पाहिलं. घसा दुखला, आवाज भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच पडला. चौथ्या शुक्रवारी त्यांनी किल्ली इकाम्याच्या पाकिटातून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पासष्ट. हरकत नाही. वेळ आली की बाकीचा येईल.”

विमानतळावर त्यांची बॅग नवऱ्याने उचलली, तर ती हलकी लागली. वीस टक्के रिकामी होती.

नाशिकहून दर शुक्रवारी फोन यायचा. हवापाणी नाही, ख्यालीखुशाली नाही. “काटा किती?” मी आधीच फोटो काढून पाठवलेला असे. “बासष्ट.” “छान. साबण लावला?” “लावला.” “वास घेतला?” मी घेतला म्हणून सांगे. घेतही होते, पण आधी मालक आसपास नाहीत ना, ते बघून.

जूनमधल्या एका शुक्रवारी काट्याचं बोलून झाल्यावर ते ठेवतो म्हणाले नाहीत. म्हणाले, “वहिनी, ती बंगल्यातली रहस्यकथा होती बघा, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात खुनी कोण निघाला हो?”

मला काहीतरी खटकलं. तरी मी सांगितलं, “डॉक्टर.”

“वाटलंच होतं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आणि ती हॉटेलातली?”

त्या दिवशी मी त्यांना नऊ पुस्तकांचे शेवट सांगितले. पुढच्या शुक्रवारी बाकीचे सांगायचं ठरलं.

पुढच्या शुक्रवारी मी काट्याचा फोटो पाठवला. एकतीस. त्याच्याखालच्या दोन खुणा करड्या होत्या, त्या निळ्या झाल्या नाहीत. चार दिवसांनी काकूंचा फोन आला.

हृदयाचं होतं. त्यांना बरेच दिवस माहीत होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकू रडत रडत सांगत होत्या आणि मध्येच त्यांना हसू आवरेना.

“अहो वहिनी, दवाखान्यात बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं. यांनी नर्सला विचारलं, काटा किती? ती बिचारी आनंदाने म्हणाली, अठ्ठ्याण्णव आहे काका, एकदम छान! तर हे केवढ्याने ओरडले तिच्यावर. म्हणाले, ‘एवढं कुणी भरलं? आधी वीस टक्के काढा!’ सगळा वॉर्ड जागा केला.” मग काकूंनी विचारलं, “तिचा काटा किती आहे आता?”

“सव्वीस,” मी म्हटलं.

“मग मागवा ना. पंचविसाला मागवायचा असतो.”

मी हिंदीत फोन केला. खलास हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

टँकर जूनच्या शेवटी आला. सकाळी दहालाच अंगण भाजत होतं. ड्रायव्हर नळी ओढत आत आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

“मुहंदिस साब किधर है, बाजी?” मला तो बाजी म्हणे, म्हणजे ताई.

माझ्या तोंडात जो शब्द आला तो मी गिळला. त्याने एकदा घोटाळा झाला होता.

“ख़ुरूज,” मी म्हटलं.

“निहाई?”

“हाँ. निहाई.”

“अच्छा है, अच्छा है,” तो म्हणाला. “अपने घर गया, बाल-बच्चों में. यहाँ गर्मी में क्या रखा है.” त्याने नळी जोडली, टाकीवर थाप मारली आणि निघाला. फाटकापाशी वळून म्हणाला, “फिर फुल कर दूँ? अब तो कोई रोकने वाला नहीं.”

“मैं हूँ,” मी म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं नसावं. तो भिंतीपलीकडे गेला होता.

पंप सुरू झाला. मी चामडी हातमोजे घातले. मोठे होत होते. पेच सैल केला, शिकवलं होतं तसा पाव आटा. काटा चढू लागला. चाळीस. पन्नास. पासष्टवर काही क्षण अडकल्यासारखा वाटला, मी तबकडीवर टिचकी मारली, पुढे सरकला. वर गॅलरीत नवरा फोनवर कुणाशी तरी बोलत उभा होता. सत्तर.  पंच्याहत्तर. काकांनी चार शुक्रवारांत शिकवलेला अरबी आकडा मी मनात घोळवत होते आणि तो नेमका त्याच वेळी डोक्यातून पुसला गेला. पेचातून पांढरं फुरफुरलं.

“ऐंशी!” मी ओरडले. “बास! काका, बास! ऐंशीला बास!”

भिंतीवरची कबुतरं उडाली. नवऱ्याच्या हातातला फोन खाली फरशीवर पडून फुटला. शेजारच्या बंगल्याचं दार उघडून मालक हातात फिंजान घेऊन बाहेर आले. पंप केव्हाच बंद झाला होता, तरी मी आणखी एकदा ओरडले.

मग गल्लीतून आवाज आला, “बाजी, मैं बहरा नहीं हूँ!”